राईचं लोणी आणि शेठचं लिंबू

एक होती मुंगी. तिचं नाव राई. ती राहायची दौलतशेठच्या नव्या कोऱ्या गाडीत.

एकदा शेठच्या डब्यातून लोण्याचा कण पडला. राई म्हणाली, "अहाहा! माझ्या पिल्लांना मेजवानी!" ओढत ओढत तिनं तो वाऱ्याच्या झरोक्यापुढे आणला.

शेठनं लावली थंड हवा. झरोक्यातून आली गरम! भस्स भस्स! भस्स भस्स! लोणी लागलं वितळायला. राई अगदी रडकुंडीला आली.

"झरोक्या, झरोक्या, थंड फुंक ना! माझं लोणी वाचेना!"

"मी गं काय करू? आधी गरम हवेची झडप मिटू दे. मग बघू!"

राई निघाली तुरुतुरु तुरुतुरु.

"झडपे, झडपे, मिट ना! झरोका थंड फुंकेना, माझं लोणी वाचेना!"

"मी गं काय करू? आधी मला ओढणारी तार हलू दे. मग बघू!"

तुरुतुरु तुरुतुरु.

"तारे, तारे, हल ना! झडप मिटेना, झरोका थंड फुंकेना, माझं लोणी वाचेना!"

"मी गं काय करू? आधी गरम-थंडचं बटण फिरू दे. मग बघू!"

बाई बाई बाई! जो तो आपला दुसऱ्याकडे बोट दाखवतो!

तुरुतुरु तुरुतुरु.

"बटणा, बटणा, फिर ना! तार हलेना, झडप मिटेना, झरोका थंड फुंकेना, माझं लोणी वाचेना!"

बटण कण्हलं. "मी गं काय करू? माझ्या गळ्यात बघ!"

बघते तर काय! बटणाला बांधलेली लिंबू-मिरची! नव्या गाडीला दृष्ट लागू नये म्हणून शेठनंच बांधलेली. तिच्या वजनानं बटण गेलं ओढलं, थेट लाल खुणेवर. लाल म्हणजे गरम!

"आधी शेठला लिंबू सोडू दे. मग बघू!"

शेठनं गाडी उभी केली होती. घामानं नुसते निथळत होते.

"शेठ, शेठ, लिंबू सोडा ना! बटण फिरेना, तार हलेना, झडप मिटेना, झरोका थंड फुंकेना, माझं लोणी वाचेना!"

मुंगीचं ऐकतो कोण? शेठ म्हणाले, "अरे देवा! लागलीच की दृष्ट!" आणि घेतलं आणखी एक लिंबू बांधायला!

आता मात्र राईचं डोकं फिरलं. शेठची बोटं गाठीवर होती. त्यातल्या एका बोटाला ती चावली. कडकडून चावली!

"आई गं!" शेठच्या हाताला बसला हिसका. गाठ सुटली, लिंबं पडली, टप् टप्! बटण फिरलं, खट्! तार हलली, सर्र! झडप मिटली, फट्! झरोका थंड फुंकू लागला, फूऽऽ फूऽऽ!

लोणी झालं पुन्हा घट्ट. राईनं पिल्लांना हाक मारली. सगळ्यांनी चाटूनपुसून खाल्लं.

शेठ कपाळ पुसत म्हणाले, "बघा! दुसरं लिंबू कसं लगेच लागू पडलं!"

 राईचं तोंड भरलेलं होतं.

शेठचा लिंबावर विश्वास, राईच्या तोंडी लोण्याचा घास!