हवेतला सा

"म्हणजे आतलं काहीच बदललेलं नाही? नक्की?" देवस्थळींनी तिसऱ्यांदा विचारलं.

"नाही," नूरुद्दीनचाचा म्हणाले. "सगळं तेव्हाचंच आहे. बसा की."

देवस्थळी बसले नाहीत.

मिरजेत, वाद्यांच्या गल्लीत, चाचांच्या समोर माझं तारांचं दुकान. जाहिरात मीच दिली होती: जुनं थेरेमिन विकणे, संग्राहकांसाठी. थेरेमिन म्हणजे विजेवरची एक लाकडी पेटी. एका बाजूला उभी दांडी, दुसरीकडे आडवी कडी. हात लावायचाच नाही. दांडीजवळच्या हवेत हात फिरवला की पेटी गाते. चाचांनी ती पन्नास वर्षं वाजवली. आता हात थरथरतात, सूर हलतो, म्हणून द्यायची.

देवस्थळी पुण्याहून आले होते. घरी एक्केचाळीस जुनी वाद्यं, सगळी काचेच्या कपाटांत. अकरा वर्षं ते ही पेटी शोधत होते. हिच्यासाठी एक अख्खी भिंत रिकामी ठेवलीय, असं त्यांनी सांगितलं. खोटं कशाला बोलू, तेव्हा मला माणूस बरा वाटला.

चाचांनी बटण दाबलं. आतले व्हॉल्व्ह तापायला वेळ लागतो, जुन्या रेडिओसारखा.

"बसा साहेब. सूर लावतोय मी."

आमच्या गल्लीची रीत आहे. कुणी वाद्य लावायला घेतलं की येणारा-जाणारासुद्धा जागच्या जागी थांबतो. हे गृहस्थ मात्र बॅटरी घेऊन पेटीभोवती घिरट्या घालत होते. मागचा नंबर वाचायचा होता ना!

चाचांनी सा लावला. तो सरकला.

पुन्हा लावला... पुन्हा सरकला.

"दोष आहे हिच्यात," देवस्थळी म्हणाले. "सूर टिकत नाही. आधी सांगायला हवं होतं तुम्ही. मला यातलं कळतं."

माझं डोकंच सणकलं. अहो, कुणाला काय सांगताय! मी तोंड उघडणार, तोच चाचांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं.

मग ते उठले आणि लांब उंबऱ्यावर जाऊन बसले. पेटी चालूच होती.

"साहेब, एक पाऊल पुढं या."

देवस्थळी पुढे आले. सूर चढला.

"मागं."

उतरला.

"हे... मी?"



देवस्थळींनी हळूच मान झुकवली. सूर झुकला. त्यांनी बॅटरी खाली ठेवली, तर तो त्यांच्याबरोबर खाली जाऊन वर आला.

"आता हलू नका," चाचा म्हणाले.

ते उभे राहिले. तरी सूर बारीक हलत होता. खाली-वर, खाली-वर. मला समजायला वेळच लागला. देवस्थळी श्वास घेत होते.

त्यांनी श्वास रोखला...

आई शप्पथ! असा सा मी जन्मात ऐकला नाही. अंगावर सर्रकन काटा आला. गल्लीत एक सायकलवाला पाय टेकून थांबला होता, तोही हलेना.

देवस्थळींचे डोळे भरून आले. "एक्केचाळीस वाद्यं आहेत माझ्याकडे," ते म्हणाले. "पण एकानंही मला कधी..."





मग ते चाचांपाशी आले, वाकून पाया पडले.

"चाचा, मला द्या. जिवापाड सांभाळीन. अगदी बरोबर मापाचं काचेचं कपाट करून घेतो."

आणि खिशातून टेप काढून ते पेटीवर वाकले. पेटी किंचाळली. त्यांनी तरीही टेपचं एक टोक या कडेला धरलं, दुसरं त्या कडेला.

"घ्या की माप," चाचा उंबऱ्यावरूनच म्हणाले. "फक्त... ती पेटी कुठं संपते, तेवढं मला आधी दाखवा."