शिवेचा रस

सातरआळी संपते आणि मोरगाळ सुरू होते, त्या शिवेवर चिंचेच्या झाडाखाली एक दगडी दोण आहे. माणूस आडवा झोपेल एवढी लांब आणि गुडघाभर उंच. वर्षभर तिच्यात चिंचेचा पाला पडतो आणि चिमण्या अंघोळी करतात. नाताळच्या आदल्या दिवशी मात्र बायका तिला राख आणि चिंच लावून घासघासून धुतात. दुसऱ्या दिवशी चर्चमधली सकाळची मिस्सा सुटली की दोन्ही वस्त्यांतली माणसे टोपल्या घेऊन तिच्याकडे निघतात. पपनस, पेरू, अननस, लिंबे, शहाळी, सोललेला ऊस, ज्याच्या वाडीत जे असेल ते. तरुण पोरे त्याला फ्रूट पंच म्हणतात, जुनी माणसे शिवेचा रस म्हणतात. त्यात पाण्याचा थेंब पडत नाही आणि त्याला विस्तव लागत नाही.

पाहुणे हमखास विचारतात, एवढी फळे पिळत बसण्यापेक्षा तांब्याभर पाणी का ओतत नाही? मग सत्त्याऐंशी वर्षांचे पावलूकाका डाबरे आपली खुर्ची सावलीत ओढून घेतात आणि आळीतल्या रेमेद नावाच्या बाईची जुनी हकिकत सांगतात.

तेव्हा आळीत तीस-बत्तीस घरे होती, सगळी ख्रिस्ती, सगळी बागायती. मोरगाळात वाडवळ, म्हणजे हिंदू बागायतदार, राहत. बांधावरून हाका मारणे, केळीचे कोंब देणे-घेणे सगळे चाले. पण मोरगाळची माणसे आळीतले शिजलेले खात नसत, आळीतले पाणी पीत नसत आणि आपल्या विहिरीला आळीचा पोहरा लागू देत नसत. त्यावर कोणी भांडतही नसे. रीतच तशी होती.

एका आश्विनात मोठे वादळ झाले आणि भरतीचे पाणी खाडीचा बांध फोडून आळीत शिरले, असे सांगतात. ते ओसरले तेव्हा आळीच्या तिन्ही विहिरी मचूळ झाल्या होत्या. लोक तळ्याचे गढूळ पाणी पिऊ लागले आणि आठवड्याच्या आत जुलाब-उलट्यांची साथ घरोघर पसरली. रेमेदचा नवरा इनास तिसऱ्या दिवशी गेला. त्याला माती देऊन ती घरी आली, तर सात वर्षांची मारू अंथरुणात पोट धरून पडलेली. ओठ सुकलेले, डोळे खोल गेलेले.

रेमेदने रिकामी घागर उचलली आणि ती मोरगाळच्या रहाटापर्यंत गेली. विहिरीजवळ मात्र गेली नाही. पंधरा पावलांवर उभी राहिली. हरबा राऊत बैल हाकत होता. त्याने रहाट थांबवला.

"काय गं बाय, इथे का उभी?"

"इनास गेले," ती म्हणाली. "आता पोर जाईल. गोडं पाणी पाहिजे."

हरबाने बैल सोडला. तिला विहिरीवर बोलवायची त्याची छाती नव्हती आणि तिला परत पाठवायचीही नव्हती. शेवटी त्याने कावड भरली आणि शिवेवर नेली. तिथे गुरांसाठी ही दोण होती. ती त्याने धुतली, तिच्यात पाणी ओतले आणि बाजूला सरकला.

"ही शिवेवरची आहे. हिच्यातून भर. उद्या परत आणतो."

त्याने उद्या आणले, परवाही आणले. मग मोरगाळचे आणखी पाच-सहा जण कावडी घेऊन येऊ लागले. हे लोक ओतून मागे सरत आणि आळीतल्या उभ्या राहू शकणाऱ्या बायका येऊन भरून नेत. मोरगाळात कुरकूर झाली म्हणे. पण हरबाची आई, ठकूआजी, मोठी खमकी बाई. ती म्हणाली, "बैलांना पाजतो ते माणसांना पाजलं, त्यात कुणाचं काय बुडालं?" चाळीस दिवस पाणी येत राहिले. आळीतली अकरा माणसे गेली, बाकीची वाचली.

मारूने ज्या दिवशी आपण होऊन "आई, पाणी" असे म्हटले, त्या दिवशी रेमेदने नवस केला. ज्यांनी हे पाणी पाजले, त्यांचे तोंड नाताळला माझ्या हातांनी गोड करीन.

नवस करताना तिला भान नव्हते. मार्गशीर्ष लागला, विहिरी उपसून झाल्या, पुन्हा गोड झरे लागले, नाताळ आठ दिवसांवर आला, तेव्हा तिच्या ध्यानात आले की हा नवस फिटणारा नाही. तिने केलेले काहीही मोरगाळात कोणी तोंडात घेणार नव्हते. घेताना तिने दोन्ही हातांनी घेतले होते आणि द्यायला तिच्याकडे काहीच नव्हते. ती देवळात गेली. फादर म्हणाले, त्यांच्यासाठी प्रार्थना कर, तेवढी पुरे.

"प्रार्थना देवाला पोचेल, फादर," रेमेद म्हणाली. "हरबाभाऊला काय पोचेल?"

तशीच ती शिवेवर गेली. पलीकडे ठकूआजी वालाच्या शेंगा तोडत होती. रेमेदने तिला सगळे सांगितले आणि सरळ विचारले, "आजी, आमच्याकडचं काय चालतं तुम्हाला?"

"झाडावरचं फळ चालतं. फळाला कसला विटाळ?"

"आणि त्या फळाचा रस काढला तर?"

आजीने हातातल्या शेंगा ओच्यात टाकल्या. "पाणी घातलंस तर नाही चालायचा."

"शहाळ्याचं?"

"ते नारळाचं पाणी," आजी विचार करत म्हणाली. "तुझ्या विहिरीचं कुठंय? विस्तवावर मात्र ठेवू नकोस. आणि असं कर, आमचीही फळं येऊ देत. आपापलं फळ आपापल्या हातानं पिळू. मग कोण काय बोलतो बघते मी."

नाताळच्या सकाळी आळीतली माणसे दोणीपाशी जमली. काहींना अजून धड चालता येत नव्हते. रेमेदने इनासने लावलेल्या झाडाची पपनसे आणली होती. पलीकडून हरबा उसाची मोळी आणि चरक घेऊन आला. मग एकेक जण पुढे झाला. शहाळी फुटली, लिंबे पिळली गेली, अननसाच्या फोडी कुस्करल्या गेल्या, कोणीतरी आल्याचा तुकडा ठेचून टाकला. हिवाळ्याच्या उन्हात दोण पिवळ्या रसाने भरत गेली. फळे टाकून मोरगाळची दोन-तीन घरे मुकाट परत गेली. हे पावलूकाका लपवत नाहीत. सगळेच थांबले नव्हते.

रस तयार झाला. वाढायचा डाव दोणीच्या कडेला होता. रेमेद चार पावले मागे सरून उभी राहिली. मोरगाळच्या माणसांनी आपल्या हाताने घ्यावे, आपली सावलीही मध्ये नको, असे तिच्या मनात होते. नवसातले 'माझ्या हातांनी' हे शब्द तिने सोडून दिले होते. लोकांच्या पोटात गोड जाईल, तेवढे देव मानून घेईल.

ठकूआजी नारळाची करवंटी घेऊन पुढे आली. पण तिने डावाला हात लावला नाही. करवंटी रेमेदपुढे धरली.

"वाढ."

"आजी, मी?"

"नवस कुणाचा आहे?"

रेमेदने डाव उचलला. वाढताना निम्मा रस आजीच्या मनगटावर सांडला. आजीने तो पुसला नाही. सगळ्यांच्या देखत ती उभ्याने प्यायली आणि करवंटी पुन्हा पुढे केली. तिच्या मागे हरबा आला. त्याच्या मागे कावडी वाहणारे बाकीचे आले. त्या दिवशी रेमेद शेवटच्या माणसापर्यंत वाढत राहिली. साथीत तिला रडायला सवड मिळाली नव्हती. ती त्या सकाळी वाढता वाढता रडली आणि तिला कोणी गप्प केले नाही, असे सांगतात.

विटाळाच्या त्या रिती आता राहिल्या नाहीत. दोन्ही वस्त्या एकमेकांच्या लग्नात पंगतीला बसतात. पण आजही त्या रसात पाणी घालत नाहीत. त्या वर्षी जो कोणी बाहेरचा माणूस वस्तीच्या उपयोगी पडला असेल, त्याला आजही आधी बोलावणे जाते आणि पहिली करवंटी त्याच्या हाती देतात. गेल्या नाताळला विजेच्या कामावरचा प्रल्हाद खिल्लारे आला होता. पावसाळ्यात कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून त्याने दोन्ही वस्त्यांची लाईन चालू केली होती. "अहो, ती माझी ड्यूटीच होती," असे तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. मोरगाळच्या एका बाईने त्याच्या हातात करवंटी ठेवली. तो प्यायला आणि मग संकोचत त्याने विचारले, घरी बायको आहे, तिच्यासाठी एखादी बाटली भरून मिळेल का?