पंखा आणि सोन्याची पाटी

घरोघरी जाडजूड संगणक असत, त्या काळची ही गोष्ट. कुलसुमबी भंगारातले संगणक उघडून कामाचे भाग वेगळे काढायच्या. एकदा त्यांनी एका संगणकातली हिरवी सर्किटची पाटी सुनेकडे दिली.

"जपून ठेव गं, हिच्यावर सोनं आहे."

पाटीशेजारचा, संगणक थंड ठेवणारा पंखा त्यांनी नुसताच कोपऱ्यात टाकला. तो जळफळला. "जन्मभर घरघरलो मी, आणि कौतुक हिचं!"

"मला तर तुझाच हेवा वाटतो," पाटी म्हणाली. "सोनं काढायला उद्या मला अ‍ॅसिडात बुडवतील. तू मात्र फिरशील."

दुसऱ्या दिवशी अ‍ॅसिडाचा धूर बाहेर जावा म्हणून कुलसुमबींनी पंखा खिडकीत बसवला आणि पाटी अ‍ॅसिडात सोडली. पंख्याला क्षणभर थांबावंसं वाटलं, पण वीज चालू होती.