पारखीबाई आणि बकुळेची विहीर

फार पूर्वी, राज्ये इतकी लहान होती की राजाला आपले राज्य सकाळी पायी हिंडून दुपारी जेवायला घरी परतता येई, तेव्हाची ही गोष्ट.

अशाच एका डोंगराखालच्या राज्यात पाण्याची पारख करणारी एक बाई होती. कुठले पाणी प्यावे, कुठले गुरांना द्यावे, कुठले नुसते शेताला सोडावे, हे ती राजाला सांगायची. लोक तिला पारखीबाई म्हणत.

तिथे एक जुनी रीत होती. पारखीने राजवाड्यात यायचे, बोलायचे, पण तिथल्या अन्नाला शिवायचे नाही. घरची भाकरी सोबत आणायची आणि बाहेर पायरीवर बसून खायची. कारण माणूस खाल्ल्या मिठाला जागतो, आणि पारखीने जागायचे ते फक्त पाण्याला. नव्या माणसांना यात बाईचा अपमान वाटे. बाईला मात्र पायरीवरचे ऊन आवडायचे.

राजाला एकच लेक होती, बकुळा. आई नसलेली पोर, बापाच्या खांद्यावरच वाढली. सातव्या वर्षी ती तापाने गेली आणि राजाने अन्नपाणी सोडले. प्रधानाने विनवले, वैद्याने दटावले, पण राजा ढिम्म हलेना. चौथ्या दिवशी पारखीबाई आत आली, त्याच्या शेजारी जमिनीवर बसली. ताटातला एक घास तिने स्वतः खाल्ला आणि दुसरा त्याच्या ओठांशी नेला.

"मी खाल्ला. आता तुम्ही."

राजा जेवला. जेवता जेवता लहान पोरासारखा रडला.

रीत मोडली, पण कोण काय बोलणार? असल्या वेळी बाई रीत सांभाळत बसली असती, तर लोकांनीच तिला नावे ठेवली असती. एकदा मोडून थांबली असती तरी ठीक होते. पण राजा एकटा जेवेना आणि बाईचा जीव तुटे. मग रोजच तिचे पान राजाच्या पानाशेजारी मांडले जाऊ लागले.

वर्षभराने राजाने लेकीच्या आठवणीत गावासाठी विहीर बांधली. बकुळा जिथे खेळायची तीच जागा त्याने निवडली, घोड्यांच्या पागेच्या खालच्या अंगाला. काळ्या दगडाच्या पायऱ्या, प्रत्येक पायरीवर कोरलेले फूल. पहिली घागर वर आली तेव्हा राजाने विचारले, "बाई, कसं आहे हो पाणी?" बकुळा गेल्यापासून पहिल्यांदाच त्याच्या चेहऱ्यावर हसू होते.

वर पागेत चाळीस घोडे होते आणि त्यांची सगळी घाण एका खड्ड्यात मुरत होती. बाईच्या मनात शंका आलीच. दुसऱ्या कुणाची विहीर असती तर ती म्हणाली असती, "आठ दिवस थांबा, बघून सांगते." पण त्या हसऱ्या चेहऱ्याकडे पाहून तिने एक घोट घेतला आणि म्हणाली, "गोड आहे, महाराज."

पाणी खरेच गोड होते. पण राजाने चव विचारली नव्हती.

पावसाळा सरता सरता गावातली लेकरे जुलाबांनी आजारी पडू लागली. कुंभारणीची पोर तर अंथरुणाला खिळली. बकुळेच्याच वयाची होती ती. पारखीबाई तिला पाहायला गेली, तेव्हा कुंभारीण पोरीच्या तोंडाशी वाटी धरून बसली होती.

"बकुळेच्या विहिरीचंच पाणी देते हो बाई," कुंभारीण म्हणाली. "दुसरं देतच नाही हिला. तुम्हीच चांगलं म्हणालात ना?"

वाटी बाजूला करून बाईने सांगितले, "आजपासून हिला नदीचं पाणी दे, उकळून. बाकीचं मी बघते."

त्या दिवसापासून ती राजवाड्यात जेवायला गेली नाही. राजाने दोनदा माणूस पाठवला, दोन्हीदा तो एकटाच परतला. बाई दारोदार फिरत होती. कुणाच्या घरी कोण आजारी आहे आणि त्या घरी पाणी कुठून येते, एवढेच विचारत होती. मग तिने पळसाची वाळली फुले उकळून केशरी रंग काढला आणि भर दुपारी, सगळ्यांच्या देखत, पागेच्या खड्ड्यात ओतला. तिसऱ्या दिवशी बकुळेच्या विहिरीतून केशरी पाणी वर आले.

ती राजाकडे निघाली तेव्हा प्रधान आडवा आला. माणूस वाईट नव्हता, राजासाठी त्याचाही जीव तुटत होता.

"बाई, जरा सबुरीनं. हवा बदललीय म्हणून लेकरं आजारी आहेत, असं म्हणा. राजा आत्ता कुठं माणसात आलाय."

"प्रधानजी, तुम्ही असं म्हणू शकता," बाई म्हणाली. "पण मीही तेच म्हणाले, तर पाण्याचं कोण सांगणार?"

राजासमोर ती बसली नाही. उभ्यानेच तिने सगळे सांगितले. राजाचा चेहरा उतरला.

"माझ्या बकुळेच्या पाण्यानं लेकरं आजारी पडतायत म्हणता?"

"हो, महाराज. एकवीस घरांत आजार आहे. त्यातली एकोणीस घरं त्या विहिरीचं पाणी पितात. उरलेल्या दोन घरांचं कारण मला कळलेलं नाही. कळलं नाही, तेही सांगायलाच हवं."

"मग त्या दिवशी गोड आहे का म्हणालात?"

बाईचे डोळे भरून आले. "तुम्ही हसला होता, महाराज. रोज तुमच्या शेजारी जेवून जेवून मला पाणी दिसेनासं झालं, तुमचा चेहराच दिसायला लागला. चूक माझी आहे."

राजा म्हणाला, "काय करू, सांगा."

"ते मी सांगायचं नसतं. कशानं काय होईल, तेवढं सांगते. पागा हलवलीत तर पाणी निवळायला दोन पावसाळे लागतील, कदाचित तीन. उकळून प्या म्हणालात तर ज्यांच्या घरी सरपण आहे त्यांची लेकरं वाचतील, बाकीच्यांचं अवघड आहे. विहीर बंद केलीत तर आजार लवकर उतरेल, पण बायांना रोज नदीपर्यंत चालावं लागेल. राज्य तुमचं आणि लेकही तुमची. ठरवायचं तुम्ही."

राजा उठला आणि थेट विहिरीवर गेला. रहाटाचा दोर त्याने स्वतःच्या हाताने सोडवला. तोंडावर फळ्या ठेवल्या. सारे गाव जमले होते.

"बकुळे, जरा थांब हं," तो हळूच म्हणाला. "ही लेकरं आधी बरी होऊ देत."

मग प्रधानाकडे वळून त्याने हुकूम दिला, "पागा उद्याच हलवा. आणि आपल्या बैलगाड्यांनी नदीचं पाणी गल्लोगल्ली पोचवा. बायांनी कशाला एवढं चालायचं?" गाड्यांचे काही बाईने सांगितले नव्हते. ते राजालाच सुचायचे होते, आणि सुचले.

जाताना राजाने बाईला विचारले, "आता माझ्याबरोबर जेवणार नाही ना?"

"नाही, महाराज. पण माया काही कमी होणार नाही."

पंधरा दिवसांनी कुंभारीण पोरीला कडेवर घेऊन राजवाड्यात आली. पोर वाळली होती, पण डोळे टकाटका फिरत होते. राजाने मान फिरवली. त्या वयाच्या पोरीकडे त्याला बघवत नसे.

"महाराज," कुंभारीण म्हणाली, "लोक म्हणतात, तुम्ही लेकीची विहीर बंद केली. मी म्हणते, तुमच्या लेकीनं माझी लेक मला परत दिली."

राजाने वळून पाहिले. पोरीने दोन्ही हात पुढे केले. बकुळा गेल्यापासून राजाने कुणाचेही लेकरू उचलले नव्हते. त्याने तिला उचलून घेतले, आणि सवयीने खांद्यावर बसवले.

तात्पर्य एवढेच: खरे विचारायचे असेल तर सांगणाऱ्याला आपल्या पंगतीबाहेर राहू द्यावे, आणि सांगणाऱ्याने विचारणाऱ्याचा चेहरा नव्हे, पाणी बघून सांगावे.