ठणका थांबला तेव्हा

गुळाच्या पेठेसाठी नावाजलेल्या एका गावात एकदा एक वृद्ध दंतवैद्य राहत होते. बोलणे मोजके, हात स्थिर. शिदबा नावाचा एक शिष्य त्यांच्या हाताखाली होता. तिथली रीत अशी, की ज्याचा दात बरा झाला त्याने नारळ आणून द्यावा आणि वैद्यांनी तो तिथल्या तिथे फोडून हजर असेल त्याला खोबरे वाटावे.

वैद्य परगावी गेले असताना पेठेतला एक व्यापारी गाल धरून आला. खालच्या दाढेला भोक पडून त्यातून पू झिरपत होता. मुलीचे लग्न तोंडावर आले होते.

"बुवा येईपर्यंत मिठाच्या पाण्याच्या चुळा भरा, शेट," शिदबा म्हणाला. "भोक उघडं राहू द्यावं, असं ते सांगतात."

"उघडं ठेवून पंगतीला बसू? व्याह्यांपुढे गाल धरू? तुला काही येतं, की नुसता खलबत्ता कुटायला ठेवलाय?"

हे शिदबाला झोंबले. त्याने भोकात लवंगेचे तेल सोडले आणि वर मेण दाबून ते घट्ट बुजवले.

दाढ आधीपेक्षा जास्त ठणकू लागली. व्यापारी भिंतीवर डोके टेकून कण्हत बसे. मग एका सकाळी ठणका एकाएकी थांबला. घरात देवक बसले, मांडव सजला आणि शेटने आठवणीने नारळ पाठवला. वैद्य परतताच शिदबाने तो मोठ्या अभिमानाने त्यांच्यापुढे ठेवला.

वैद्यांनी विचारले, "ठणका हळूहळू उतरला, की एकदम?"

"एकदम. दिवा मालवावा तसा."

"भोकात काय घातलंस?"

"तेल. वर मेण."

वैद्यांनी नारळ फोडला नाही. उचलून कोनाड्यात ठेवला, चुलीवर पाणी चढवले आणि त्यात दात काढायचा चिमटा टाकला. म्हाताऱ्याला आपले यश बघवत नाही, असे शिदबाच्या मनात आले.

दोघे मांडवात गेले. वैद्य म्हणाले, "शेट, दाढ काढायला हवी. आत्ताच."

व्यापारी हसला. "दुखत होती तेव्हा तुमचा पत्ता नव्हता. आता दुखत नाही, तर काढायला आलात. घरात देवक बसलंय, बुवा. कर्त्याचं रक्त सांडायचं नाही."

"देवकाला मी हात जोडतो. पण दाढ मेली आहे."

"मेली तर बरंच झालं. गप्प तरी बसते. या, जेवून जा."

वैद्य जेवले नाहीत. लग्न लागेपर्यंत फडक्यात चिमटा गुंडाळून मांडवाच्या दाराशी बसून राहिले. वऱ्हाडी त्यांना हसून आत जात होते. शिदबाला लाज वाटली.

वरात निघाली तेव्हा शेटच्या हनुवटीखाली दगडासारखी सूज आली होती. पुढे मान भरली, जीभ वर ढकलली गेली, तोंड उघडेना. चिमटा आत जायला वाट नव्हती. वैद्यांनी गळ्याखाली चीर देऊन पाहिली. उशीर झाला होता. मुलगी अंगावरच्या हळदीनिशी माहेरी आली, ती बापाच्या तिरडीपाशी.

स्मशानातून परतल्यावर शिदबाने मान खाली घालून विचारले, "दुखायचं थांबलं होतं, बुवा. मग माणूस गेला कसा?"

"दाताच्या पोटात तांदळाच्या कणीएवढं जिवंत मांस असतं," वैद्य म्हणाले. "जंतू सावकाश आले, तर त्याच्या पेशी मागे सरून नवी भिंत बांधतात. ते घुसून आले, तर त्या रक्ताला हाक मारतात. मदत धावून येते, मांस सुजतं. गाल सुजला तर फुगतो. दातातल्या मांसानं फुगावं कुठे? चहूकडे दगडासारखी भिंत. मग आलेल्या मदतीच्याच दाबानं रक्ताची वाट बंद होते. पू निघायला एक भोक होतं, ते तू बुजवलंस. ठणका म्हणजे त्या पेशींची हाक होती. ती थांबली, कारण हाक मारायला कोणी उरलं नाही. जंतू मात्र उरले, आणि मुळातून हाडात उतरले."

"म्हणजे माझ्यामुळे."

"तुझ्यामुळे, आणि त्याच्या हट्टामुळे. वाटणी करत बसू नकोस. चिमटा घासून ठेव."

कोनाड्यातला नारळ कोणी फोडला नाही. तो तिथेच वाळला.

पुढे एकदा कुंभारवाड्यातली एक म्हातारी हसतमुखाने आली. पदराखालून नारळ काढून म्हणाली, "कालपर्यंत जीव घेत होती दाढ. आज बघ, जणू नाहीच."

वैद्य ओट्यावर बसले होते. शिदबाने नारळ घेतला आणि कोनाड्यात त्या वाळलेल्या नारळाशेजारी ठेवला.

"बसा, आई," तो म्हणाला, आणि चुलीवर पाणी चढवायला आत गेला.

ज्या घरात रोज कोणी कुरकुरत होते आणि आज ते गप्प आहे, त्या घराने नारळ फोडायची घाई करू नये.