रंभाजीची मिशी

फार जुनी गोष्ट. डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं आणि त्या गावाला दाढी-मिशीचं भारी वेड. दरवर्षी जत्रेत चढाओढ लागायची. जिंकेल त्याला मानाचा फेटा आणि देवाच्या पालखीपुढे चालायचा मान.

या गावात रंभाजी नावाचा एक गडी होता. मिशी म्हणाल तर काय मिशी! लोणी चोळून, पीळ भरून अशी जपलेली, की ताक पितानाही बेटा ती एका हाताने वर धरायचा. पण फेटा मात्र दरवर्षी हैबतीच्या लांब दाढीला जायचा. यंदा काहीही होवो, फेटा आणायचाच, असं रंभाजीनं मनाशी ठरवलं होतं.

त्याच्या शेजारी सावळाकाका राहायचे. बायको कधीच गेलेली, पोरबाळ नाही. रंभाजीला त्यांनीच अंगाखांद्यावर खेळवलं होतं. एकदा आजारातून उठताना काका म्हणाले, "रंभा, मला अग्नी कोण देणार रे?"

"असं काय बोलता काका? तुमचा लेक मीच की!"

काका त्या दिवशी पोटभर जेवले.

आणि नेमके जत्रेच्या तोंडावर काका गेले.

तिरडी बांधून झाली. सगळे रंभाजीकडे बघू लागले. रीत अशी, की अग्नी देईल त्यानं डोकं, दाढी, मिशी, सगळं उतरवायचं. न्हावी वस्तरा पाजळून बसला होता. काकांचा चेहरा बघून रंभाजीला आपला शब्द आठवला, पण फेटाही डोळ्यांपुढून हलेना. शेवटी तो पुटपुटला, "मी काही सख्खा नव्हे. रक्ताचं कुणी असेल तर बघा ना."

"असतं तर तुझ्या तोंडाकडे बघितलं असतं का, शहाण्या?" एक म्हातारी फणकारली.

तेवढ्यात हैबती पुढे झाला आणि न्हाव्यापुढे बसला. "काढ बाबा. दाढी परत येईल. काका काही परत मरायचे नाहीत."

जत्रेत फेटा रंभाजीला मिळाला. टाळ्या वाजल्या, नाही असं नाही. पण पालखीपुढे चालताना त्याला कुणाच्या डोळ्याला डोळा देववेना.

घरी म्हातारे वडील ओट्यावर बसले होते. "आबा, बघा, फेटा!"

आबांनी फेटा निरखून पाहिला. "शोभतोय हो. रंभा, एक विचारू? मी पुढच्या जत्रेच्या तोंडावर गेलो तर चालेल ना? का तुझी पंचाईत होईल?"

आबा टोमणा मारत नव्हते. त्यांना खरंच काळजी पडली होती. रंभाजीला ते कळलं आणि तो त्यांच्या पायाशी बसून ढसाढसा रडला.

काकांच्या दहाव्याला हैबती नदीवर पिंड ठेवत होता. तिथं येऊन रंभाजी न्हाव्यापुढे बसला. "सगळी काढ."

न्हावी म्हणाला, "आता काय उपयोग? काकांना थोडंच कळणार आहे?"

"काकांना नाही कळायचं," रंभाजी म्हणाला, "पण आबांना कळेल."

तात्पर्य: एकाला दिलेला शब्द मोडला, की आपल्यावर विसंबलेल्या साऱ्यांचाच भरवसा डळमळतो.