एक सांधा उघडा

शलाकाने आदली रात्र जागून काढली होती. चार वर्षांची इरू आपल्या बाबाला विसरली असेल का, एवढीच काळजी. निरंजन बोटीवर नोकरीला; जाऊन आठ महिने झाले होते. परवा त्याचा फोन आला तेव्हा इरू म्हणाली, "फोनमधला बाबा आलाय," आणि पुन्हा ठोकळ्यांकडे वळली. मग शलाकाने मुलांच्या आठवणींवर तीन लेख वाचले. एक म्हणाला घाबरू नका, दुसरा म्हणाला वेळीच घाबरा. तिसरा तिने अर्धाच सोडला, कारण तो पटायला लागला होता.

तरी ठरल्याप्रमाणे ती लेकीला घेऊन चार दिवस राहायला सावरघळीला आली. पश्चिमेकडच्या खिंडीखालचं हे कोकणातलं गाव लांबूनच ओळखू येतं. प्रत्येक घराच्या पश्चिमेच्या भिंतीवर बाहेरून उभ्या फळ्या ठोकलेल्या, आणि दर दोन फळ्यांच्या सांध्यावर लाकडी पट्टी. फक्त झरोक्यासमोरच्या एका सांध्याला पट्टी नाही.

"सुतार विसरला वाटतं," शलाका म्हणाली.

"सगळ्या गावात एकाच जागी विसरला होय?" घरमालक तान्हूकाका हसले.

काकी आतून म्हणाल्या, "सांगा आता. तिनं विचारलं नसतं तरी सांगितलंच असतंत."

पूर्वी इथे नुसत्या मातीच्या भिंती होत्या, असं सांगतात. सुंद्रा नावाची एक बाई होती. तिचा नवरा राघू गलबतावर गेला. जाताना म्हणाला, "खिंड उतरताना तुझा दिवा बघूनच पाऊल टाकीन." तेव्हापासून रोज तिन्हीसांजेला सुंद्रा पश्चिमेच्या झरोक्यात दिवा ठेवी. पाऊस तोंडावर आला, गलबतं परतली. राघूचं परतलं नाही.

मग पाऊस लागला. पश्चिमेची झड थेट भिंतीवर. माती सुटू लागली, आणि भिंतीला लागूनच तान्ह्याचा पाळणा. गावकऱ्यांनी भिंतीवर ऐनाच्या आडव्या फळ्या ठोकून दिल्या, झरोक्यासकट. दिवा झाकला गेला, आणि भिंतही वाचेना. फळीफळीच्या कडेवर पाणी थांबे आणि आत मुरे. लोक म्हणाले, माहेरी जा, घर सोड. सुंद्रा म्हणाली, तो येईल तर कुठे येईल?

ती भर पावसात देवीच्या ऐनाच्या झाडाखाली जाऊन बसली. ऐनाच्या सालीवरून पाणी सरळ खाली येत होतं, कुठे थांबत नव्हतं. तिने तिथेच नवस बोलला म्हणे, "आई, माझी भिंत राख. तुझं लाकूड मी आडवं पाडणार नाही. रानात उभं होतं तसंच उभं ठेवीन." घरी येऊन तिने फळ्या उपसल्या आणि उभ्या लावल्या, बुडखा खाली, शेंडा वर. सांध्यांवर पट्ट्या ठोकल्या. झरोक्यासमोरचा सांधा मात्र उघडा ठेवला. पाणी निथळून गेलं, भिंत उभी राहिली. आणि खिंडीतून बघणाऱ्याला अंधारात उजेडाची एक उभी काठी दिसू लागली.

त्या काठीच्या आधाराने कितीतरी वाट चुकलेले खाली उतरले म्हणे. दारावर थाप पडली की सुंद्रा उठे. दर वेळी दुसऱ्याच कुणाचा तरी नवरा असे. ती त्याला पेज वाढी आणि राघूची खबर विचारी.

"मग राघू?" शलाकाने विचारलं.

"आला असं कुणी सांगत नाही, बाय."

आजही सावरघळीत फळी बुडखा खाली ठेवूनच लावतात. घरातलं कुणी परगावी असेल, आणि हल्ली घरोघरी कुणी ना कुणी असतंच, तर त्या सांध्याची पट्टी काढून ठेवतात, सगळी घरी आली की बसवतात. तान्हूकाकांची पट्टी आत खुंटीला टांगलेली होती. त्यांचा मुलगा मस्कतला.

"शेवटची कधी बसवली होती?"

"गणपतीत," काकी म्हणाल्या. "विसर्जन झालं आणि काढली. खुंटीलाही आता तिची सवय झालीय."

बाहेर काळोखू लागलं होतं. काकींनी दिवा लावून आत झरोक्यामागे टांगला. शलाका झरोक्याशी गेली आणि त्या उघड्या सांध्याला डोळा लावून उभी राहिली. खिंड अजून जेमतेम दिसत होती. तिकडून कोण येणार होतं? निरंजन येणार तो विमानाने, तोही दिवाळीनंतर. हे सगळं ठाऊक असूनही तिचा पाय तिथून निघेना.

एवढ्यात इरूने मागून तिचा कुडता ओढला.

"आई, बाजूला हो ना. तू मध्ये उभी राहिलीस तर बाबाला दिवा कसा दिसेल?"